आठ सुरांची उसनवारी

घरात पेटी असेल तर कुठलाही षड्ज धरा आणि हे आठ सूर सावकाश, सारख्या लयीत वाजवा. कोमल गंधार, रिषभ, कोमल गंधार, षड्ज. मग रिषभ, मंद्र कोमल निषाद, षड्ज, षड्ज. थाट काफी. आठ सुरांत वेगळे सूर चारच, आणि सगळी ये-जा निषादापासून गंधारापर्यंतच्या अरुंद पट्ट्यात. लहान मूलसुद्धा दोनदा ऐकून म्हणेल इतकी साधी ओळ. आपल्या कानाला तिच्यात भय वाटत नाही. थोडी उदास, थोडी शांत, पुन्हापुन्हा षड्जाशी येऊन टेकणारी अशी ती चाल आहे.

आणि तरी गेल्या दोनशे वर्षांत युरोप-अमेरिकेच्या संगीतात मृत्यू, चेटूक, युद्ध किंवा प्रेतयात्रा दाखवायची वेळ आली की संगीतकार हेच सूर काढतात. बेर्लिओझने काढले, लिस्टने काढले, सँ-साँसने सांगाड्यांच्या नाचात काढले, राखमानिनोवने तर आयुष्यभर काढले. 1980 साली स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ची सुरुवात झाली तीही याच सुरांनी. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यावरून एक छोटी मोटार चालली आहे, आणि वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांच्या सिंथेसायझरमधून ही चाल जड पावलांनी उतरते आहे. अजून काहीच घडलेलं नसतं, पण प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो.

चालीचं नाव ‘दीएस ईरे’, म्हणजे क्रोधाचा दिवस. रोमन कॅथलिक चर्चच्या मृतांसाठीच्या मिस्सेत गायचं हे लॅटिन गीत तेराव्या शतकातलं. संत फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस, याचं नाव परंपरेने त्याला लावलं आहे. पुरावा पक्का नाही. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर चर्चने या जातीच्या असंख्य मध्ययुगीन गीतांना कात्री लावली आणि 1570च्या मिस्सा-ग्रंथात चारच ठेवली. हे त्या चारांतलं एक. त्यामुळे पुढची चारशे वर्षं पॅरिसपासून पेरूपर्यंत, आणि आपल्याकडे गोव्यात, वसईत, जिथे जिथे रोमन पद्धतीची मृतांची मिस्सा गायली गेली, तिथे ही चाल त्या विधीचा भाग होती. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत सूर वाचायला शिकलेल्या जुन्या पिढीतल्या वादकाला ती कुठल्याही सिंफनीतून ओळखावी लागली नसती. ती त्याने गावातल्या शवपेटीशेजारी उभं राहून ऐकलेली असे.

आपल्याकडे ‘चाल’ हा शब्द फार कामाचा आहे. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर मूळ चालीचं नाव छापलेलं असे. चाल उसनी घेतली हे लपवायची गरज कुणाला वाटली नाही. तिथे चाल तीच असे आणि शब्द नवे असत. युरोपात या गीताच्या बाबतीत दोन निराळ्या वाटा निघाल्या. मोत्सार्टने 1791 साली आणि व्हेर्दीने 1874 साली मृतांची मिस्सा स्वरबद्ध केली तेव्हा शब्द जुनेच घेतले, चाल आपली बांधली. दुसरी वाट बेर्लिओझची. त्याने चाल तीच ठेवली आणि शब्द टाकून दिले. हा लेख त्या दुसऱ्या वाटेबद्दल आहे. माझं म्हणणं असं, की शब्द टाकताना त्या गीतातली एक फार मोलाची गोष्ट रस्त्यात सांडली, आणि या उसनवारीचा न्याय करायचा तर सांडलेली गोष्ट कुणी उचलून परत आणली ते पाहिलं पाहिजे.

ती गोष्ट कोणती हे कळायला मूळ गीताची रचना पाहावी लागते. तीन-तीन ओळींची सतरा कडवी आणि शेवटी थोडा निराळा बांधलेला भाग. ओळीला आठ अक्षरं, आणि सुरुवातीच्या ओळीत अक्षराला एक सूर. पहिल्या सहा कडव्यांत भयाचं वर्णन आहे: जग राख होण्याचा दिवस, थडग्यांवरून घुमणारी तुतारी, उघडलेली वही, न्यायासनावर बसलेला न्यायाधीश. इथवर बोलणारा कोण ते कळत नाही. सातव्या कडव्यात एकाएकी ‘मी’ येतो. मी दरिद्री माणूस तेव्हा काय बोलणार, कुणाला वकीलपत्र देणार, असं तो विचारतो. तिथून पुढे भयाचं वर्णन मागे पडतं आणि विनवणी सुरू होते. मला शोधत शोधत तू थकून बसला होतास, ते श्रम वाया जाऊ देऊ नकोस, असंसुद्धा तो देवाला ऐकवतो. आपल्या संतांनी विठ्ठलाशी ज्या हक्काने भांडण केलं, त्याच्या जवळ जाणारी ही भाषा आहे.

चालीची गंमत इथेच आहे. गीताला मुख्य चाली तीन, आणि प्रत्येक चाल लागोपाठ दोन कडव्यांना. सहा कडवी झाली की फेरा पहिल्यापासून. म्हणजे पहिल्या कडव्यात क्रोधाच्या दिवसाची घोषणा करणारे ते आठ सूर सातव्या कडव्यात परत येतात, नेमके जिथे भेदरलेला माणूस पहिल्यांदा ‘मी’ म्हणतो तिथे. आणि तिसऱ्यांदा येतात तेराव्या कडव्यात. तिथे तो माणूस म्हणतो आहे, की तू त्या मारियेला क्षमा केलीस, क्रुसावरच्या चोराचं ऐकलंस, तेव्हा मलाही आशा दिलीस. क्रोध, प्रश्न आणि आशा, तिन्हींना सूर तेच. मध्ययुगातल्या त्या अनाम गायकाने किंवा संन्याशाने हे ठरवून केलं असेल, किंवा त्या गीतप्रकाराच्या नियमातून ते आपोआप घडलं असेल. पण शतकानुशतकं चर्चमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या कानाने ते असंच ऐकलं. त्याच्यासाठी ही चाल भयाची जितकी होती तितकीच आर्जवाची होती.

आता 5 डिसेंबर 1830. पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या सभागृहात सव्वीस वर्षांच्या बेर्लिओझची ‘सिंफनी फान्तास्तिक’ पहिल्यांदा वाजली. शेवटच्या भागात नायक अफूच्या गुंगीत आपलंच प्रेतकर्म पाहतो. भोवती चेटकिणी जमल्या आहेत, प्रेयसीही त्यांच्यातच नाचते आहे. घंटा वाजतात आणि खर्जातली पितळी वाद्यं आणि बासून नावाची फुंकवाद्यं ती चाल काढतात, लांबलचक सुरांत. लगेच तीच ओळ दुप्पट लयीत, आणि पुन्हा दुप्पट लयीत, उड्या मारत, नाचाच्या अंगाने. बेर्लिओझने स्वतःच आपल्या टिपणात या भागाला विडंबन म्हटलं आहे. श्रोत्यांना ते टोचलं, कारण आई-वडिलांच्या मिस्सेत त्यांनी हे सूर ऐकले होते. पुढचं सगळं गीत त्यांच्या कानात आपोआप सुरू होत होतं, आणि वाद्यवृंद त्याची चेष्टा करत होता. विडंबनाला मूळ वस्तू ऐकणाऱ्याला ठाऊक असावी लागते. बेर्लिओझच्या श्रोत्याला ती ठाऊक होती, म्हणून त्याची उसनवारी मला खरी वाटते. त्याने श्रद्धेचा अपमान केला असं कुणी म्हणो, चालीचा अपमान केला नाही. सात वर्षांनी त्याने स्वतःची मृतांची मिस्सा रचली तेव्हा मात्र ही चाल वापरली नाही. खऱ्या प्रार्थनेच्या वेळी त्याने आपली नवी चाल बांधली. दोन्ही प्रसंगी त्याला आपण काय करतो आहोत हे कळत होतं.

लिस्टचा ‘मृत्यूचा नाच’, ‘टोटेनटान्झ’, 1865च्या एप्रिलमध्ये हेगला प्रथम वाजला. पियानो अक्षरशः हाडांसारखा वाजतो, आणि त्याच महिन्यात लिस्टने रोममध्ये धर्मसेवकाची दीक्षा घेतली. ज्याच्या एका हातात नाच आणि दुसऱ्या हातात जपमाळ आहे अशा माणसाची ती रचना आहे. तिच्या मधल्या भागात चाल एकदम शांत होऊन, जुन्या चर्चसंगीताच्या धाटणीत, एकेका आवाजात उलगडते. तिथे तिची मूळ प्रकृती क्षणभर परत येते. सँ-साँसने 1874मध्ये तिला हलक्या तालात बसवून गंमत केली. त्याच्यावर इथे थांबायचं कारण नाही.

थांबायला हवं ते यानंतर जे घडलं त्यापाशी. एकाने दुसऱ्याचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं घ्यायला सुरुवात केली. आठ सुरांचे चार झाले. कोमल गंधार, रिषभ, कोमल गंधार, षड्ज एवढे वाजले की पुरे. चाल होती तिची खूण झाली. रस्त्यावरच्या धोक्याच्या पाटीवर कवटी रंगवतात, तशी. आणि मग 1969-70 साली मूळ घरानेच दार लावून घेतलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर नवा मिस्सा-ग्रंथ आला, त्यात मृतांच्या मिस्सेतून ‘दीएस ईरे’ वगळलं गेलं. भय आणि न्यायनिवाडा यांचा त्यात फार बोलबाला आहे, पुनरुत्थानाची आशा झाकोळते, असं सुधारणा करणाऱ्यांना वाटलं. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातल्या प्रार्थनांत ऐच्छिक गीत म्हणून त्याला जागा मिळाली, आणि जुनी पद्धत पाळणाऱ्या मोजक्या ठिकाणी ते अजून गायलं जातं. पण सामान्य माणसाच्या कानावरून ते गेलं. त्याच 1970 साली अमेरिकेत जॉर्ज क्रम्बने विजेवर चालणाऱ्या तंतुवाद्यांसाठी ‘ब्लॅक एंजल्स’ लिहिलं, व्हिएतनामच्या युद्धकाळात, आणि त्यात ही चाल आणली. एकीकडे देऊळ तिला निरोप देत होतं, दुसरीकडे मैफल तिला ठेवून घेत होती.

चर्चच्या निर्णयावर बाहेरच्या माणसाने बोलू नये असं म्हणतात. पण ही चाल आता फक्त चर्चची राहिलेली नाही, म्हणून बोलतो. त्या निर्णयात मला एक विचित्र गोष्ट दिसते. सुधारकांना गीतात भयच प्रमुख ऐकू आलं. ते तसं ऐकू येण्यात दीडशे वर्षांच्या वाद्यवृंदांचा काहीच हात नसेल का? पहिलं कडवं इतक्यांदा, इतक्या कर्कश वाद्यांवर वाजलं, की सातवं आणि तेरावं कडवं दबून गेलं. फोरेने 1888 साली पहिल्यांदा सादर केलेल्या आपल्या मिस्सेतून हे गीत आधीच काढलं होतं आणि त्याची फक्त शेवटची, विश्रांती मागणारी ओळ ठेवली होती. 1947मध्ये द्युरूफ्लेने आपली सगळी मिस्सा जुन्या लॅटिन चालींवर उभारली आणि नेमकं हेच वगळून तीच शेवटची ओळ ठेवली. दोघांच्या रचना अतिशय सुंदर आहेत. दोघांनीही भय नाकारलं. पण या गीतातली आशा भयाच्या पोटातून आलेली आहे, त्याच सुरांवर बसलेली आहे. भय कापून काढलं की ती आशाही कमी खोलीची होते.

कुणी विचारेल, सुराला शब्दांचं ओझं कशाला? वाद्यसंगीत स्वतंत्र आहे, आठ सूर घेऊन संगीतकार त्यांचं हवं ते करील. मान्य, पण मग त्याने स्वतःचे आठ सूर घ्यावेत. जो ही विशिष्ट चाल उचलतो, तो तिच्या सुरांवर नव्हे, तिच्या आठवणीवर भिस्त ठेवून उचलतो. पेटीवर वाजवून पाहिलंच आपण: सुरांत भय नाही, ते आठवणीत आहे. आठवणीच्या बळावर परिणाम साधायचा आणि आठवण मात्र अर्धीच ठेवायची, हा व्यवहार सरळ नाही. आज तर परिस्थिती आणखी वाईट आहे. चित्रपटात हे चार सूर ऐकणाऱ्या प्रेक्षकाने ती मिस्सा कधी ऐकलेली नसते. त्याला ते आधीच्या चित्रपटांतून भीतीची सूचना म्हणून कळतात. मूळ सावकाराचं दुकान बंद झालं आहे आणि उसनवारी करणारे एकमेकांकडूनच उसनं घेत आहेत. ‘द शायनिंग’ची सुरुवात परिणामकारक आहे हे मी नाकारत नाही, मीही तिला घाबरलो आहे. पण त्या मोटारीतल्या माणसाला क्षमा मागायची संधी ती चाल देत नाही. तिचा निकाल आधीच लागलेला आहे, आणि मूळ गीतात तो शेवटपर्यंत लागत नाही.

याउलट लुईजी दाल्लापिक्कोला. इटलीत मुसोलिनीने 1938 साली वंशभेदाचे कायदे आणले. दाल्लापिक्कोलाची पत्नी ज्यू घराण्यातली. त्या वर्षी त्याने ‘कांती दि प्रिजोनिया’, बंदिवासाची गाणी, लिहायला घेतली. गायकवृंद, दोन पियानो, दोन हार्प आणि तालवाद्यं, एवढाच सरंजाम. शब्द तीन कैद्यांचे: देहदंड झालेली स्कॉटलंडची राणी मेरी, तुरुंगात ग्रंथ लिहिणारा बोएथिअस, आणि फ्लॉरेन्सच्या चौकात ज्याला फाशी देऊन जाळलं तो साव्होनारोला. तिघांच्या प्रार्थनांखालून ‘दीएस ईरे’ची चाल वाहते, बारा सुरांच्या नव्या, आधुनिक रचनापद्धतीशी गुंफलेली. इथे न्यायाचा दिवस कैद्यासाठी भयाचा नाही. त्याला त्या दिवसाची वाट पाहायची आहे, कारण पृथ्वीवरच्या न्यायाधीशाने त्याला न्याय दिलेला नाही. पहिला पूर्ण प्रयोग रोममध्ये 11 डिसेंबर 1941 रोजी झाला, इटलीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं त्याच दिवशी. चाल मूळ प्रार्थनेकडे नेऊन बसवण्याचं काम एका आधुनिक, बारा सुरांत लिहिणाऱ्या माणसाने केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जुनं जपायला जुन्या पद्धतीनेच लिहावं लागतं असं नाही.

आणि राखमानिनोव. त्याच्याबद्दल मी बराच काळ चुकीचं मत धरून होतो. ‘मृतांचं बेट’, पागानिनीच्या चालीवरची रॅप्सडी, जिकडे पाहावं तिकडे हीच चाल. रॅप्सडीवर नृत्यनाट्य करायचं ठरलं तेव्हा या सुरांना दुष्ट शक्तीचं रूप द्यावं असं त्याने स्वतःच सुचवलं. मला वाटे, हा माणूस एका सवयीत अडकला आहे. मग ‘सिंफनिक डान्सेस’ ऐकली. 1940, लाँग आयलंड, रशिया सोडून बावीस-तेवीस वर्षं झालेली; ही त्याची शेवटची मोठी रचना. तिच्या अखेरच्या भागात ‘दीएस ईरे’ जोरात येते आणि तिच्यासमोर उभी राहते दुसरी एक चाल, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चची, पुनरुत्थानाच्या स्तोत्राची, जी त्याने 1915च्या आपल्या ‘रात्रजागरा’त मांडली होती. दोन देवळांच्या दोन चाली समोरासमोर. ओढाताण होते, आणि दुसरी जिंकते. तिथे हस्तलिखितात त्याने ‘अलेलुया’ लिहिलं आहे, आणि शेवटी देवाचे आभार. बेर्लिओझने सुरू केलेल्या गोष्टीला एकशे दहा वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे असं मी समजतो. आयुष्यभर त्याने जी भयाची बाजू वाजवली तिच्यासमोर शेवटी त्याने तेरावं कडवं ठेवलं, तेही दुसऱ्या चर्चच्या सुरांत. अडीच वर्षांनी तो गेला.

या कथेत मुंबईशी नातं असलेला एक माणूस आहे आणि आपल्याकडे त्याचं नाव क्वचितच निघतं. कैखुश्रू शापुरजी सोराबजी. वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर, आई इंग्रज. जन्म 1892 साली लंडनजवळ, आणि शहाण्णव वर्षांचं आयुष्य इंग्लंडातच. पण जन्मावेळचं इंग्रजी नाव बाजूला ठेवून त्याने हे पारशी नाव धारण केलं. त्याने ‘दीएस ईरे’वर दोन अवाढव्य पियानोरचना लिहिल्या. दुसरी, 1948-49ची ‘सेक्वेन्शिया सिक्लिका’, सत्तावीस रूपांतरांची आहे. त्यातल्या एका रूपांतराच्या पोटात आणखी शंभर आहेत, आणि शेवट पाच विषयांच्या फ्यूगने होतो. जोनाथन पॉवेल या इंग्रज पियानोवादकाने ती 2010 साली ग्लासगोत पहिल्यांदा पूर्ण वाजवली. तिचं ध्वनिमुद्रण 2020मध्ये आलं, सात तबकड्यांचं, आठ तासांहून अधिक. सगळं सलग ऐकलं आहे असं मी म्हणणार नाही. तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, आणि एक गोष्ट कळली. आठ तास कुणालाही घाबरवता येत नाही. पहिल्या पाच मिनिटांत खूण संपते, आणि मग चालीला पुन्हा चाल व्हावंच लागतं. कधी ती दाट रानासारखी होते, कधी निव्वळ उष्मा, कधी नुसतं गणित. सोराबजीने ती धमकावण्यासाठी घेतली नाही, राहण्यासाठी घेतली. आपल्याकडे एकच राग दोन तास मांडणाऱ्या गवयाची कसोटी हीच असते: ओळख पटवून झाल्यावर काय उरतं?

ज्याला या चालीचं ऋण समजून घ्यायचं आहे त्याने बेर्लिओझपासून सुरुवात करू नये. आधी मूळ लॅटिन गीत शोधावं, नुसत्या मानवी आवाजात गायलेलं, साथीला एकही वाद्य नसलेलं. सहज मिळतं. पहिली सहा कडवी जाऊ द्या. सातव्याला तेच आठ सूर परत येतील तेव्हा कान टवकारा. मग तेरावं कडवं येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच राखमानिनोवकडे वळा.